एकतीसऐवजी बत्तीस

तीर्थरूप मामा,

तुमच्या दोन्ही पायांना आणि मामीच्या उजव्या पायाला (डाव्याला हात लावायला डॉक्टरांची बंदी आहे, म्हणून तो सोडून) साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमच्या भाचेसुनेची दाढ दुखायची थांबली आहे, पण तिने ते अजून कबूल केलेलं नाही, कारण दाढ दुखत होती तोवर भांडी मी घासत होतो. तुमची प्रकृती विचारायचं कारणच नाही. तुमचं पत्र पाकिटातून काढलं की खोलीत आवाज होतो. सगळी हयात बसस्थानकाच्या भोंग्यावरून गाड्या सुटल्याचं सांगण्यात गेली, त्यामुळे पत्रातही तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगता आणि दुसऱ्यांदा जरा जास्त ठासून. मामीचं मात्र खरंच विचारतो. जखम भरतेय का? झोप लागते का? आणि त्या खुर्चीतून तिला अजून खाली आणावं लागतं का? हे पत्र त्या खुर्चीबद्दलच आहे, म्हणून सावकाश बसून वाचा, आणि हात जोडून सांगतो मामा, मनातल्या मनात वाचा.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते आमच्या शाखेत वाचून दाखवलं होतं. (ऑफिसच्या वेळेत घरचं पत्र वाचू नये असा नियम आहे, पण चार लोकांना वाचून दाखवू नये असं कुठे म्हटलेलं नाही. कायदे दुरुस्त करणाऱ्या शाखेत नोकरी केली की इतपत अक्कल येते.) मामीच्या पायाचं ऑपरेशन झालं, साखरेमुळे जखम हट्टाला पेटली, रोज पट्टी बदलायला नर्सबाई घरी यायच्या, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग एका सकाळी नर्सबाई खाली रस्त्यावरच उभ्या राहिल्या. पुढ्यात हातगाडी, डोक्यावर टोपी, औषधं काचेच्या पेटीत मांडलेली. घंटा वाजवून म्हणाल्या, पेशंटला खाली आणा, मला गिऱ्हाइकाच्या घरात शिरायला कायद्याने मनाई आहे. इथपर्यंत आमची शाखा खो खो हसत होती. मीही हसलो मामा, खोटं कशाला बोलू! कुणा गृहस्थाने काचेतल्या कापसाच्या बोळ्यांकडे बोट दाखवून हे गोड असतं का म्हणून विचारलं, तिथे तर आमचे शिपाई तात्या भिंतीला टेकले. हातगाड्या तपासणाऱ्या निरीक्षकाला नियमाप्रमाणे मालाची चव घ्यायची होती, त्याने आयोडीनची बाटली नाकाशी नेली आणि चव ठीक असल्याचं वासावरच ठरवून टाकलं, तिथेही हसलो. मग पुढे तुम्ही लिहिलं होतं की तिसऱ्या मजल्यावरून तुम्ही आणि खालचा शिंपी तिला खुर्चीत बसवून उतरवता, वळणावर पाय कठड्याला लागतो, ती ओरडत नाही, नुसते ओठ दाबून धरते, आणि डॉक्टर म्हणाले आहेत की पट्टी अशीच रस्त्याच्या धुळीत होत राहिली तर आधी बोटं जातील आणि मग पाय. तिथे कुणी हसलं नाही.

आमच्या मोठ्या बाई तर आधीही हसल्या नव्हत्या. त्यांच्याविषयी तुम्हाला सांगितलंच पाहिजे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाखेच्या दुरुस्ती अधिकारी. सार्वजनिक आरोग्याचे आणि कल्याणाचे जेवढे म्हणून कायदे राज्यात आहेत, त्यांत राहिलेल्या चुका शोधून दरसाल एक तांत्रिक दुरुस्ती विधेयक तयार करायचं, हे त्यांचं काम. उंची बेताची, आवाज दणदणीत, आणि दुसऱ्याच्या डब्यात हात घालताना विचारायची पद्धत नाही. आपल्यासारखं काम या इमारतीत कुणाला जमत नाही असं त्या स्वतःच सांगतात, दर आठवड्याला सांगतात, आणि दुःखाची गोष्ट अशी की ते खरं आहे. तुमचं पत्र संपताच त्यांनी माझ्या डब्यातलं उरलेलं बोटाने पुसून खाल्लं, दोन कायद्यांची पुस्तकं समोर ओढली आणि म्हणाल्या, "बर्फ. मेल्या बर्फाने केलंय हे."

बर्फाचं असं झालं. मागच्या अधिवेशनात आरोग्याच्या कायद्यात बर्फाच्या कारखान्यांविषयी एक नवं कलम मध्येच घातलं. बाकावर कुणी जाडजूड माणूस मध्येच येऊन बसला की पुढचे सगळे कसे सरकतात, तशी पुढची सगळी कलमं एकेक घर सरकली. आता कल्याणाच्या कायद्यात लिहिलेलं आहे की घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांनी आरोग्य कायद्याच्या एकतिसाव्या कलमातल्या अटी पाळाव्यात. पूर्वी एकतिसात परिचारिकाच बसत होत्या. त्या सरकून बत्तिसात गेल्या, आणि त्यांच्या जागी तिसातले फिरते खाद्यविक्रेते येऊन टेकले. कल्याणाच्या कायद्याला हे कुणी कळवलंच नाही. तो बिचारा अजून जुन्याच पत्त्यावर माणसं पाठवतोय. म्हणून हातगाडी, म्हणून टोपी, म्हणून काच आणि घंटा. नर्सबाईंचा यात दोष नाही, निरीक्षकाचाही नाही (तुम्ही त्याला दिलेल्या शिव्या परत घ्या), आणि कलम घालणाऱ्यांना तर त्या दिवशी फक्त बर्फ दिसत होता.

दुरुस्ती केवढी, तर एकतीसऐवजी बत्तीस. एवढंच. पण मामा, ही एवढीशी गोष्ट सभागृहातून पार करणं म्हणजे झोपलेल्या बाळाच्या खोलीतून कपाट बाहेर काढणं. आमच्या विधेयकाचा नियमच असा आहे की त्यातल्या बाबी निव्वळ तांत्रिक असाव्यात, म्हणजे ज्यांच्याविषयी कुणालाही काहीही म्हणायचं नाही अशा. विधेयक वाचलं जात असताना एखाद्या बाबीवर एकाही आमदाराने तोंड उघडलं, शंका काढली, नुसती स्तुती केली तरी ती बाब तांत्रिक राहिली नाही असं धरतात, विधेयकातून काढतात आणि समितीकडे पाठवतात. समितीत गेलेल्या बाबीपेक्षा विहिरीत पडलेली बादली बरी, तिला निदान गळ तरी टाकता येतो. तेव्हा आमची सगळी कला कशात, तर कुणाला बोलावंसं वाटू नये यात. मोठ्या बाई या कलेतल्या उस्ताद आहेत. त्यांनी लिहिलेली बाब इतकी निर्जीव असते की वाचणाऱ्याची नजर तिच्यावर ठरतच नाही, अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही तशी. आंधळ्यांच्या सवलती, बाळंतिणींच्या रजा, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतलं पाणी, असं किती काय त्यांनी या सभागृहाला न कळू देता त्याच्याच हातून परत मिळवून दिलंय! ज्यांना मिळालं त्यांना बाईंचं अस्तित्वही माहीत नाही. मला विचाराल तर मी रोज ऑफिसला जातो ते त्यांचं हे काम बघायला.

त्यांची एक परीक्षा असते. विधेयकाचा मसुदा झाला की जेवणानंतर त्या तात्यांना खुर्चीत बसवतात आणि एकेक बाब वाचून दाखवतात. तात्या डुलकी घेत राहिले की बाब पास. तात्यांनी डोळा उघडला की बाब नापास, पुन्हा लिहायची. (तात्यांना या कामाचा भयंकर अभिमान आहे. घरी ते सांगतात की माझ्या संमतीशिवाय राज्यात कायदा होत नाही.) नर्सबाईंची बाब मी लिहिली होती. चांगली कळकळीने लिहिली होती, कारणासहित. बाईंनी ती वाचायला घेतली आणि "हातगाडी" म्हणताच तात्या ताठ बसले आणि म्हणाले, "मग? पुढे काय झालं?" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला उठलो. मग त्यांनी स्वतः लिहिली. हातगाडी गेली, परिचारिका गेल्या, मामी गेली, पाय गेला, उरलं ते एवढंच की अमुक अधिनियमाच्या तमुक पोटकलमातील "एकतीस" या अंकाऐवजी "बत्तीस" हा अंक दाखल करण्यात यावा. वाक्य संपेस्तोवर तात्या घोरायला लागले होते. त्या घोरण्यात मला मामीचा पाय वाचताना ऐकू येत होता, इतका आनंद झाला.

आणि तेवढ्यात तुमचं दुसरं पत्र आलं.

मामा, तुमचा राग करायचा नाही असं ठरवून बसलोय, म्हणून हे वाक्य इथेच थांबवतो. तुम्ही आमदारसाहेबांकडे गेलात. मामीचा आणि हातगाडीचा फोटो घेऊन गेलात. शिंप्याला, पेपरवाल्याला आणि निम्म्या गल्लीला घेऊन गेलात, आणि आमदारसाहेबांनी तुम्हाला शब्द दिला की सभागृहात मी या विषयावर बोलणार म्हणजे बोलणारच! तुम्ही हे लिहिलं होतं दोनदा, दुसऱ्यांदा ठळक अक्षरांत. तुमच्या आमदारांना आमच्या इमारतीत मौनीबाबा म्हणतात. निवडून आल्यापासून सभागृहात ते एक अक्षर बोललेले नाहीत. आवडणारा विषयच मिळत नाही अशी त्यांची तक्रार होती. तो विषय माझ्या सख्ख्या मामाने नेऊन दिला.

मी तसाच आमदार निवासात गेलो. मौनीबाबा आरशासमोर उभे होते, वहिनीसाहेब कपड्यांना इस्त्री करत होत्या. मी कळवळून सांगितलं की साहेब, पाया पडतो, या बाबीवर बोलू नका, तुम्ही गप्प राहिलात तरच ती पार होईल. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला विचारलं की हे सांगायला तुम्हाला विरोधकांनी पाठवलं का आमच्याच पक्षातल्यांनी? मी म्हटलं, कुणीच नाही. ते म्हणाले, म्हणजे दोघांनीही! त्यानंतर मी जे जे सांगितलं त्याने त्यांचा निश्चय पक्का होत गेला. बोलू नका असं याआधी त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, गरजच पडली नव्हती. शेवटी त्यांनी मला पलंगावर बसवलं, इस्त्रीच्या टेबलाला अध्यक्ष केलं आणि पूर्ण भाषण म्हणून दाखवलं. आणि मामा, काय भाषण होतं ते! साधं, घरातल्या माणसाने बोलावं तसं. खुर्चीतून उतरणाऱ्या मामीपाशी आले तेव्हा ते स्वतःच एकेक पायरी उतरल्यासारखे हळू बोलायला लागले. वहिनीसाहेबांनी इस्त्री उभी करून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शेवट जरा घाईत होतोय, पुन्हा म्हणा." त्यांनी पुन्हा म्हटलं. आणि गेलो होतो कशाला, करून काय आलो, मी टाळ्या वाजवल्या. माझे मेले हात! थांबवायला गेलेल्या माणसाने टाळ्या वाजवल्यावर मौनीबाबा आता आभाळ कोसळलं तरी थांबणार नव्हते.

ऑफिसात येऊन मी हे बाईंना सांगितलं. वाटलं, आता आपली धडगत नाही. पण त्यांनी एवढंच विचारलं की भाषण चांगलं होतं का. मी म्हटलं, फार. त्या म्हणाल्या, "मग तर त्याला झोपवायलाच हवं." आणि विधेयक पुन्हा मांडायला घेतलं. नर्सबाईंची बाब सुरुवातीला होती, जिथे आमदार ताजेतवाने असतात. ती त्यांनी उचलली आणि थेट विनेगरच्या मागे नेऊन ठेवली. विनेगरच्या शुद्धतेविषयी यंदा ओळीने इतक्या दुरुस्त्या होत्या की त्या वाचताना प्रत्यक्ष आरोग्यमंत्री मागच्या खेपेला पेंगले होते. विनेगर संपल्यावरची जागा म्हणजे या विधेयकातली सगळ्यांत गाढ जागा. तिथे आधीपासून एक बाब बसलेली होती, "एकोणचाळीसऐवजी चाळीस" अशी काहीतरी. ती त्यांनी एक घर पुढे ढकलली, अगदी चहाच्या सुट्टीच्या तोंडाशी. चहाच्या तोंडाशी लोक चुळबुळायला लागतात, तिथे जपायची बाब कधी ठेवू नये, हा बाईंनीच मला शिकवलेला धडा. मी मोठ्या शहाणपणाने त्यांना तो ऐकवला. त्या म्हणाल्या, "टाईप कर."

आता प्रत्यक्ष दिवस ऐका. आम्ही अधिकाऱ्यांच्या सज्जात बसलो होतो, बाई, मी आणि (निरीक्षणासाठी) तात्या. मौनीबाबा नवाकोरा कोट घालून पहिल्यांदाच वेळेआधी आले होते. खिशातून कागद काढत होते, ओठ हलवत होते, पुन्हा घडी घालत होते. आरोग्यमंत्री वाचायला लागले. स्मशानांची कुंपणं झाली. देवीच्या लसीचं एक जुनं परिशिष्ट रद्द झालं. मौनीबाबा जागे. पाळणाघरांच्या खिडक्या झाल्या, जागे. मग विनेगर सुरू झालं. पहिल्या दुरुस्तीला मागच्या बाकावरचे दोघे बाहेर गेले. दुसरी, तिसरी, मंत्र्यांचा आवाज खाली खाली जात होता, पंखे फिरत होते, माझ्या शेजारी तात्यांची मान पडली. मी मौनीबाबांवरून डोळा काढत नव्हतो. त्यांनी एकदा डोळे मोठे केले, एकदा स्वतःला चिमटा काढला, कोटाचं बटण सोडलं, आणि विनेगरच्या शेवटच्या दुरुस्तीला त्यांची हनुवटी छातीवर टेकली. मंत्री म्हणाले, "एकतीस या अंकाऐवजी बत्तीस हा अंक." अध्यक्ष म्हणाले, मंजूर. बस. एवढ्या वेळात मामीला घरात पट्टी मिळाली. मी बाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या, पण त्यांनी माझं मनगट पकडलं होतं आणि ते अजून दुखतंय.

पुढची गंमत तर ऐका. पुढची बाब वाचायला घेतली आणि बाहेर व्हरांड्यात कपबशांचा खणखणाट झाला. मौनीबाबा दचकून जागे झाले, आपलीच बाब चालली आहे असं समजून ताडकन उभे राहिले आणि बोलायला लागले. काय बोलले! हातगाडी, घंटा, टोपी, जिना, खुर्ची. सभागृह आधी हसलं, मग गप्प झालं, मग लोक व्हरांड्यातून परत येऊन ऐकत उभे राहिले. शेवट अजिबात घाईत झाला नाही. सगळ्यांनी बाकं वाजवली. अध्यक्षांनी विचारलं, सन्माननीय सदस्य नेमके कोणत्या बाबीवर बोलत आहेत? मौनीबाबांनी छाती काढून सांगितलं, "याच!" अध्यक्ष म्हणाले, मग ही बाब तांत्रिक म्हणता येणार नाही, ती काढून समितीकडे पाठवण्यात येत आहे. नर्सबाईंची बाब तर आधीच मंजूर होऊन बसली होती, तिला आता कुणी हात लावू शकत नव्हतं. पडली ती दुसरीच कुठली तरी. मी सज्जात तोंडावर रुमाल धरून इतका हसलो की तात्या जागे झाले. मौनीबाबांचं भाषण झालं, मामीचं काम झालं, सापही मेला आणि काठीही शाबूत.

आता मुख्य विनंती. विधेयकावर राज्यपालांची सही व्हायची अजून बाकी आहे. तोवर मामा, गप्प राहा. आमदारसाहेबांचा सत्कार ठरवला असेल तर पुढे ढकला. पेपरात आभार छापायला दिले असतील तर परत आणा. कुणी विचारलं की मामींचं काय झालं, तर विनेगरविषयी बोला. तुम्हाला हे किती जड आहे ते मला माहीत आहे. हवं तर खिडक्या लावून मामीला एकदा सगळं सांगून घ्या, पण मग गप्प राहा. मोठ्या बाईंनी एवढी वर्षं तोंडाला कुलूप लावून जे केलं ते तुम्ही थोडे दिवस करून बघा, म्हणजे कळेल ही काय तपश्चर्या आहे ते. मामीला सांगा, पाय वाचला की पहिल्यांदा आमच्याकडे यायचं. आम्ही तळमजल्यावर राहतो.

तुमचा लाडका (असं तुम्हीच म्हणायचात) भाचा

ता. क. सही झाली की नर्सबाई वर येतील. त्यांनी ज्याची हातगाडी मागून आणली होती त्याला ती नीट धुऊन परत करा. त्याच्या गिऱ्हाइकांना अजून आयोडीनचा वास येत असणार.

ता. क. दुसरा. तिकिटं संपली होती म्हणून हे पत्र टेबलातच राहिलं, आणि बरं झालं राहिलं. आज सकाळी सही झाली. ही बातमी घेऊन मी धावत बाईंच्या खोलीत गेलो तर त्या खण रिकामा करत होत्या. चष्म्याची जुनी घरं, फुटपट्टी, पाठीची उशी. मला वाटलं झाडलोट चालली आहे. मग तात्यांनी बाहेर बोलावून सांगितलं. मामा, ती पडलेली बाब, "एकोणचाळीसऐवजी चाळीस", ती बाईंची स्वतःची होती. बर्फाने परिचारिकांना सरकवलं तसं पुढच्या सगळ्यांनाच सरकवलं होतं. दुरुस्ती अधिकाऱ्याचं पद एकोणचाळिसाव्या कलमात होतं, ते चाळिसात गेलं, आणि एकोणचाळिसात कोंडवाड्याचा रखवालदार येऊन बसला, पण बाईंच्या नेमणुकीच्या कायद्यात अजून एकोणचाळीसच लिहिलेलं. कोंडवाडे तर कधीच बंद झालेत. म्हणजे कायद्याप्रमाणे बाई बंद पडलेल्या कोंडवाड्याच्या रखवालदार, आणि ते पद या महिनाअखेर रद्द. यंदाच्या विधेयकात ते दुरुस्त व्हायचं होतं. विनेगरच्या मागची ती गाढ जागा त्यांनी स्वतःसाठी राखली होती. ती मामीला दिली. मी ती बाब प्रत्येक मसुद्यात टाईप केली आणि प्रत्येक वेळी मलाही जांभई आली, एकदाही ती कशाविषयी आहे हे कळलं नाही. इतकं चोख लिहितात त्या. सज्जात मी हसत होतो तेव्हा त्या शेजारीच बसल्या होत्या.

मला रडू आलं, लपवत नाही. मी विचारलं, असं का केलंत? त्या नेहमीच्याच आवाजात ओरडल्या, "तुझ्या मामीला दोघं जण उचलून तीन मजले उतरवतात. मला भांडारात बदली दिलीय, दोन मजले खाली. माझी मी चालत जाईन." मग माझा डबा उघडून बघितला. आज मी तो आणायचाच विसरलो होतो, त्याबद्दल खूप बोलल्या.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. त्यांची बाब आता समितीत आहे. विधेयक शांततेवर चालतं, समिती मात्र गोंगाटावरच हलते, तिथे ज्याच्या नावाने कल्ला होतो तीच बाब वर येते. आमच्या शाखेत कुणाला कल्ला करता येत नाही, आम्ही सगळे बाईंच्या हाताखाली तयार झालोय. म्हणून मामा, मौनीबाबांना गाठा. त्यांना आता भाषणाची चटक लागली आहे आणि विषय संपला आहे. नर्सबाईंना घ्या, शिंप्याला घ्या, निरीक्षकाला घ्या, आंधळ्यांच्या सवलतीवाल्यांना आणि बाळंतिणींना मी शोधून पाठवतो. सगळ्यांना घेऊन समितीच्या दारात उभे राहा आणि महिना संपायच्या आत, एकेक गोष्ट दोनदा, दुसऱ्यांदा ठासून, बाईंचं नाव घेऊन सांगा. मामीलाही बोलू द्या. जिन्यावर ती पुष्कळ सोसून गप्प राहिली.

सबब, वरील पत्रात जिथे जिथे "गप्प राहा" हे शब्द आले असतील, तिथे तिथे "बोला" हा शब्द दाखल करण्यात यावा.